'एनसी' झाली, स्टँपवर लिहूनही घेतलं, तरी मारहाण थांबत नाही? कोर्टाचा 'संरक्षण आदेश' काय असतो, कसा मिळतो

शेणवा (ता. शहापूर) : नवरा दारू पिऊन मारतो. बाई पोरांना घेऊन माहेरी जाते. चार दिवसांनी मामा, भाऊ आणि गावातली दोन जाणती माणसं बसतात. नवरा मान खाली घालून "यापुढे हात उचलणार नाही" असं स्टँप पेपरवर लिहून देतो आणि सगळ्यांसमोर सही करतो. बाई पुन्हा नांदायला जाते. महिना-दोन महिने बरे जातात आणि मग तेच सुरू होतं. यावेळी बाई पोलीस ठाणं गाठते. तिथे 'एनसी' होते, साहेब नवऱ्याला दम देतात आणि बाई परत त्याच घरात येते.

शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांत ही गोष्ट कुणाला नवीन नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चार बायकांमागे एकीने नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसलेली आहे. यातल्या बहुतेकींना दोनच रस्ते माहीत असतात. एक तर गप्प सोसायचं, नाही तर घर सोडायचं. कायद्यात तिसरा रस्ताही आहे. घरातच राहायचं, लग्न मोडायचं नाही, नवऱ्याला जेलमध्येही टाकायचं नाही, पण मारहाण थांबवण्याचा हुकूम कोर्टाकडून आणायचा. या हुकमाला 'संरक्षण आदेश' म्हणतात.

स्टँप पेपर आणि एनसी कुठे कमी पडतात?

स्टँपवर लिहून दिलेलं वचन नवऱ्याने मोडलं, तर तेवढ्या कागदावर पोलीस त्याला धरू शकत नाहीत. बैठकीतल्या माणसांच्या शब्दाला जेवढा मान, तेवढीच त्या कागदाची ताकद.

एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी बहुतेक वेळा यातच नोंदवली जाते. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत आणि अटकही करू शकत नाहीत. म्हणून "एनसी झाली, आता तो घाबरेल" हा हिशेब सहसा चुकतो.

पण हे दोन्ही कागद फेकून देऊ नयेत. मारहाण पहिल्यांदाच झालेली नाही, हे दाखवायला पुढे कोर्टात तेच कामी येतात. स्टँप पेपरवर तर नवऱ्याने मागची मारहाण स्वतःच्या सहीने कबूल केलेली असते.

आणखी एक गोष्ट. हाड मोडलं असेल, हत्यार वापरलं असेल, जाळण्याचा किंवा गळा दाबण्याचा प्रयत्न झाला असेल, तर एनसीवर समाधान मानू नये. तिथे एफआयआरच मागावी. नवरा व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा गुन्हा पूर्वी '४९८ अ' या नावाने ओळखला जायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. संरक्षण आदेशासाठी अर्ज केला म्हणून हा गुन्हा नोंदवता येत नाही, असं नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

हा कायदा कोणता?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कोर्ट-कचेरीत त्याला 'डीव्ही' म्हणतात.

या कायद्यात हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण नाही. चार प्रकार सांगितले आहेत. मारहाण हा पहिला. मनाविरुद्ध शरीरसंबंध किंवा लैंगिक अपमान हा दुसरा. घालून-पाडून बोलणं, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणं, धमकावणं हा तिसरा.

चौथा प्रकार आर्थिक छळाचा आणि आपल्या भागात तोच सगळ्यात कमी ओळखला जातो. घरखर्चाला पैसे न देणं, बाईचे दागिने विकणं, तिची मजुरी काढून घेणं हे सगळं यात येतं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जोडीने कामाला जायचं, राबायचं दोघांनी आणि उचल व हिशेब मात्र नवऱ्याच्या हातात. पोरांच्या पोटाला लागतं तेवढंही तो देत नसेल, तर हा 'घरातला मामला' राहत नाही. लाडकी बहीण योजनेचे पैसे बँकेतून काढले की हिसकावून घेणं, हेही तसंच.

आदेशात कोर्ट काय काय सांगू शकतं?

संरक्षण आदेश कलम १८ खाली मिळतो. त्यात कोर्ट पुढील मनाई करू शकतं :

• कोणताही हिंसाचार करायचा नाही आणि दुसऱ्याला करायला लावायचं नाही.
• बाईच्या कामाच्या ठिकाणी आणि मुलांच्या शाळेत जायचं नाही.
• तिला फोन, मेसेज, निरोप यांपैकी कशानेही त्रास द्यायचा नाही. कोर्ट संपर्कावर पूर्ण बंदीही घालू शकतं.
• तिचे दागिने, स्त्रीधन, दोघांच्या नावावरची वस्तू किंवा खातं परस्पर विकायचं, काढायचं नाही.
• तिची मुलं, आई-बाप, भाऊ आणि तिला मदत करणारी शेजारीण यांनाही हात लावायचा नाही.

त्याच अर्जात आणखी मागण्या करता येतात. घरात राहण्याचा आदेश, स्वतःला व मुलांना खर्च, दवाखान्याचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई. प्रत्येकासाठी वेगळी केस लागत नाही.

घर सासऱ्याच्या नावावर आहे, म्हणून "नीघ इथून" असं सुनेला सांगता येत नाही. ती त्या घरात संसार करत राहत असेल, तर ते 'सामायिक घर' धरलं जातं. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. याने ती घराची मालकीण होत नाही. पण कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. एकत्र राहणं धोक्याचं असेल, तर कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं किंवा बाईसाठी दुसऱ्या घराचं भाडं द्यायला लावू शकतं.

फक्त बायकोच अर्ज करू शकते का?

नाही. मुलाचा मार खाणारी म्हातारी आई, भावाच्या त्रासाखाली असलेली बहीण, दिराने घराबाहेर काढलेली विधवा, बापाचा छळ सोसणारी मुलगी, या सगळ्या अर्ज करू शकतात. अट एवढीच की, एका घरात राहण्याचं कुटुंबातलं नातं असावं किंवा आधी असलेलं असावं.

अर्ज फक्त पुरुषाविरुद्धच करता येतो, असं पूर्वी कायद्यात होतं. मुंबईच्या हरसोरा कुटुंबातल्या एका आई-मुलीने मुलगा, सून आणि इतर मुलींविरुद्ध तक्रार केली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलं. ६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्दच रद्द केले. त्यामुळे आता सासू, नणंद, सून यांच्याविरुद्धही अर्ज होऊ शकतो. मात्र घराबाहेर जाण्याचा आदेश या कायद्याने कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही.

पाड्यांवर लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक जोडपी आधी संसार थाटतात आणि लग्नविधी नंतर होतो. अशा बाईला "तुझं कुठे लग्न झालंय" म्हणून परत पाठवता येत नाही, कारण 'लग्नासारख्या नात्यालाही' हा कायदा लागू आहे. रेशनकार्डावरचं नाव, मुलांच्या दाखल्यावर बापाचं नाव, शेजाऱ्यांचा जबाब असे पुरावे मात्र लागतील. पुरुषाचं आधीचं लग्न कायम असेल, तर प्रकरण अवघड होऊ शकतं. ते वकिलापासून लपवू नये.

जायचं कुठे?

अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात चालतो. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही ठिकाणी असं कोर्ट आहे. ठाण्याला जायची गरज नाही.

सासर शहापूर तालुक्यात आणि माहेर मुरबाडला असेल, तर माहेरी राहून मुरबाडच्या कोर्टातही अर्ज करता येतो. बाई तात्पुरती जिथे राहते, तिथलं कोर्टही चालतं, असं कलम २७ सांगतं. भट्टीवर भिवंडी-कल्याणकडे गेलेल्या बाईलाही हे लागू आहे. आदेश कुठल्याही कोर्टाने दिला, तरी तो देशभर चालतो.

कोर्टापर्यंत पोहोचायचे मार्ग असे :

१. संरक्षण अधिकारी. हे महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीतलं पद आहे. बाईचं म्हणणं ऐकून ठरलेल्या नमुन्यात कौटुंबिक घटनेचा अहवाल, म्हणजे 'डीआयआर' भरणं, अर्ज करायला मदत करणं, निवारा आणि औषधोपचार मिळवून देणं हे त्यांचं काम आहे. तालुक्याचे अधिकारी कोण, हे पंचायत समितीतल्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात किंवा तहसील कार्यालयात विचारावं. अंगणवाडी सेविकेकडूनही निरोप देता येतो.

२. तालुका विधी सेवा समिती. ही कोर्टाच्या आवारातच असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

३. पोलीस ठाणं. तक्रार घेऊन आलेल्या बाईला संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि या कायद्यातले तिचे हक्क यांची माहिती देणं पोलिसांवर कलम ५ ने बंधनकारक आहे. पोलीस ठाण्यात बाईचं नीट ऐकून घेणारा वेगळा कक्ष असावा, ही कल्पना महाराष्ट्रातलीच. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत असा पहिला विशेष कक्ष सुरू केला.

४. थेट कोर्ट. बाई स्वतः किंवा वकिलामार्फत अर्ज देऊ शकते. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नाही म्हणून आदेश अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ च्या प्रभा त्यागी प्रकरणात सांगितलं आहे. अहवाल दिलेला असेल, तर मात्र कोर्टाने तो विचारात घ्यायलाच हवा.

किती दिवस लागतात?

कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत पडायला हवी आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी याहून खूप जास्त वेळ जातो. रोजंदारी बुडवून तारखेला जाणं आणि एसटी-जीपचं भाडं मोजणं सोपं नाही.

म्हणूनच 'अंतरिम आदेशा'ची मागणी पहिल्याच दिवशी करावी. कलम २३ खाली कोर्ट निकालाआधी तात्पुरता आदेश देऊ शकतं. धोका मोठा असेल, तर बाईच्या प्रतिज्ञापत्रावरून समोरच्याला न ऐकताही तो देता येतो. "वकीलसाहेब, अंतरिम अर्ज जोडला का?" हा प्रश्न बाईने किंवा तिच्या भावाने स्वतःहून विचारायला हवा.

पुरावा काय ठेवायचा?

मार लागल्यावर आधी दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जावं. डॉक्टरांना "पडले" असं सांगू नये. कुणी, कशाने मारलं ते खरं सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं. अहवाल किंवा पोलीस तक्रार नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत.

जखमेचा फोटो काढून बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवून ठेवावा. धमकीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि व्हॉइस मेसेज पुसू नयेत. ज्या फोनवर ते आले, तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नये. नवरा फोन तपासत असेल, तर तिथे काहीच ठेवू नये, दुसरीकडे पाठवून द्यावं. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवाव्यात. कुठल्या तारखेला काय झालं, हे वहीत दोन ओळींत लिहिलं तरी उपयोगी पडतं. लिहिता येत नसेल, तर मुलीकडून लिहून घ्यावं.

कागद नसले तरी अर्ज करता येतो. चार भिंतींतल्या मारहाणीला साक्षीदार नसतो, हे कोर्टालाही माहीत असतं.

आदेश मिळाला. आता?

आदेशाची प्रत मोफत मिळते. एक प्रत त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही कोर्टाकडून जाते. तरी बाईने स्वतः ठाण्यात जाऊन "आमचा आदेश आला का?" अशी खात्री करावी. मूळ प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवावा.

आता नवऱ्याने पुन्हा हात उचलला, तर त्याची एनसी होत नाही. संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीची वाट न पाहता कारवाई करू शकतात आणि जामीन ठाण्यात मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. अंतरिम संरक्षण आदेश मोडला तरी हेच लागू होतं. एकट्या बाईच्या जबाबावरही कोर्ट गुन्हा सिद्ध धरू शकतं.

स्टँप पेपर आणि संरक्षण आदेश यांत फरक आहे तो इथे. पण हा फरक कागदावरच राहू नये, तर आदेश मोडला त्याच दिवशी तक्रार करायला हवी. "या वेळेला जाऊ दे" असं दोनदा झालं, की समोरच्याला आदेशाची भीती उरत नाही.

पोटगीचे पैसे थकले, तर वसुलीसाठी त्याच कोर्टात वेगळा अर्ज द्यावा लागतो. नवरा कंपनीत कामाला असेल, तर रक्कम पगारातून परस्पर द्यायला कोर्ट मालकाला सांगू शकतं.

आदेश किती दिवस टिकतो? बाई स्वतः "आता नको" असा अर्ज करेपर्यंत. परिस्थिती बदलली तर दोघांपैकी कुणीही बदल मागू शकतं, पण त्याची कारणं कोर्टाला पटावी लागतात.

"केस टाकली म्हणजे घर मोडलं", हे खरं का?

हीच भीती सगळ्यात जास्त बायकांना अडवते. डीव्हीचा अर्ज म्हणजे घटस्फोट नाही. अर्ज दिला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. हे प्रकरण मुख्यतः दिवाणी स्वरूपाचं आहे. आसनगावच्या किंवा मुरबाड एमआयडीसीतल्या कंपनीत काम करणारा नवरा केवळ अर्जामुळे गुन्हेगार ठरत नाही. गुन्हा होतो तो आदेश मोडल्यावर. म्हणजे जेलचा रस्ता धरायचा की नाही, हे त्याच्याच हातात राहतं.

समोरच्यालाही नोटीस मिळते, म्हणणं मांडता येतं आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. एकतर्फी अंतरिम आदेश झाला असेल, तर तोही कोर्टात येऊन आपली बाजू सांगू शकतो.

शेजाऱ्यांनी काय करायचं?

रात्री ओरडण्याचा आवाज येतो आणि "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडा" म्हणून दार लावून घेतलं जातं. कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं. शेजारी, आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस पाटील, कुणीही. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी त्या माणसावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

गावाला आणखी एक काम करता येईल. जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचवा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना दिले आहेत. येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा, "आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आणि ते कुठे बसतात?" उत्तर मिळालं की ते ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि दवाखान्याच्या भिंतीवर लिहून टाकावं. ज्या बाईला ते नाव लागणार आहे, ती कदाचित कुणाला विचारू शकणार नाही. येता-जाता वाचू मात्र शकेल.

लक्षात ठेवायचे नंबर

• मारहाण चालू आहे, जीव धोक्यात आहे : ११२
• महिला हेल्पलाइन : १८१
• मोफत वकील व कायद्याचा सल्ला : १५१००
• मुलांसाठी चाइल्डलाइन : १०९८

कोर्टाचा आदेश यायला वेळ लागतो. आज रात्रीच धोका असेल, तर आधी ११२ लावावा आणि मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जावं. अर्ज दुसऱ्या दिवशीही देता येतो.